काळकुसळीची परीक्षा

“याला कसला वास येतो का, बघ,” म्हणत इनामदार मॅडमनी गव्हाची बशी माझ्यापुढे सरकवली.

मी मूठभर दाणे ओंजळीत घेतले, त्यांवर तोंडाची वाफ सोडली आणि नाक जवळ नेलं.

“गव्हाचा येतो, मॅडम.”

“मासळीचा?”

“नाही.”

“ठीक. पण वास नाही म्हणजे रोग नाही, असं समजू नकोस. धुवायला घे.”

नाशिकच्या बीजपरीक्षण प्रयोगशाळेत मला नोकरीला लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. रझिया इनामदार आमच्या प्रमुख. सुती साडी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा आणि बोलणं मोजकं. त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं, असं सगळे म्हणायचे. मला मात्र ते आवडायचं. शाळेतही मला परीक्षेच्या दिवशी सकाळी लवकर जाग यायची.

तो नमुना घेऊन आलेली दोघं बाहेरच्या बाकावर बसली होती. रंगनाथ डेर्ले आणि त्यांची बायको तान्हाबाई, निफाडकडच्या कुंभारदऱ्याची. रंगनाथबाबा उंच, सडसडीत आणि बोलघेवडे. आल्याआल्या त्यांनी शिपायाला त्याचं गाव विचारून दूरचं नातंही काढलं होतं. तान्हाबाई ठेंगण्या आणि शांत होत्या. पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

“कुठल्या जातीचा गहू, मावशी?” मी नोंद करताना विचारलं होतं.

“काळकुसळी.”

असं नाव मी कुठल्याच यादीत पाहिलं नव्हतं. मग त्यांनी सांगितलं. कुसळं काळी, दाणा लांबट, काचेसारखा. त्यांच्या सासूच्या वेळेला गावात सगळ्यांकडे होता. पुढे नवा गहू आला, उतारा दुप्पट देऊ लागला आणि काळकुसळी मागे पडली. तान्हाबाईंनी तेवढी विहिरीजवळच्या एका वाफ्यात दरसाल लावली, ती शेवयांसाठी. दुसऱ्या गव्हाची शेवई शिजली की गिच्च होते, हिची तार तुटत नाही.

“आता गावातल्या बायकाच मागायला लागल्या,” तान्हाबाई म्हणाल्या. “म्हणून दोन वर्षं वाढवत आणला. यंदा पहिल्यांदा वाटण्याजोगा झाला. पण म्हटलं, आपण दुसऱ्याच्या रानात बी देणार, तर आधी तपासून घ्यावं.”

“तपासा असं कुणी सांगितलं?”

“कुणी नाय. पोरगी देताना नाय का आपण सगळं सांगून देत? तसंच हे.”

रंगनाथबाबा हसले. “आणि आमची ही पोरगी म्हातारी हाये, ताई. तिला खोड असली तर आत्ताच कळू द्या.”

मी गहू चंचुपात्रात घेतला, साबणाचा थेंब टाकलेलं पाणी ओतलं आणि यंत्रावर हलवायला ठेवला. मग ते पाणी बारीक चाळणीतून गाळून नळ्यांमध्ये भरलं, नळ्या गरगर फिरवल्या आणि तळाशी बसलेला गाळ काचपट्टीवर घेतला. दाण्याच्या अंगाला बुरशीचे बीजाणू चिकटलेले असले तर ते त्या गाळात उतरतात. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मातीचे कण, कोंड्याचे तुकडे, एखादा धागा. मी काचपट्टी सरकवत गेले आणि थांबले.

गडद तपकिरी, गोल आणि अंगभर काटे. धोतऱ्याचं फळ लहान करत करत धुळीच्या कणाएवढं केलं, तर ते जसं दिसेल तसं. पुढे आणखी एक, मग दोन शेजारी शेजारी.

“मॅडम.”

मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला आणि बराच वेळ पाहिलं. “कर्नाल बंट,” त्या म्हणाल्या.

हे नाव मी पुस्तकातच वाचलेलं. उत्तरेकडचा गव्हाचा रोग. दाणा आतून काळी पूड होतो, पिठाला मासळीचा वास येतो. एकदा रानात शिरला की मातीत वर्षानुवर्षं राहतो. आमच्या भागात तो नव्हता, आणि नसावा म्हणूनच नियम कडक होता. बीजाणू सापडले की बियाणं नापास, सगळा साठा जाळायचा आणि त्या शेतात पुढे कित्येक वर्षं गहू घ्यायचा नाही.

मॅडम स्वतः बाहेर गेल्या. अशी बातमी त्या कुणाच्या हाती पाठवत नसत. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही न लपवता. मी दारात उभी होते. आता रडारड होईल, हातापाया पडणं होईल, असं मला वाटलं.

तान्हाबाईंनी पिशवीचं तोंड घट्ट आवळलं.

“जाळायचा तर आम्हीच जाळू, बाई,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातानं दुसऱ्याच्या रानात रोग जायला नको. पण दुसरीकडं कुठं हा गहू राहिला नाय. एवढाच हाये. म्हणून एकदा अजून बघा, आणि मग सांगा. तुम्ही सांगाल ते आम्ही करू.”

  आत आल्यावर मॅडम मला म्हणाल्या, “अहवाल सोमवारी जाईल.” तो दिवस गुरुवार होता.

मी परत सूक्ष्मदर्शकाशी बसले. तान्हाबाईंनी ‘एकदा अजून बघा’ म्हटलं होतं, तर बघायला माझी हरकत नव्हती. या वेळी नुसतं न पाहता भिंगातली मोजपट्टी लावून एकेक बीजाणू मोजला. माप पुस्तकाशी जुळत होतं आणि नव्हतंही. सगळे जरा लहान भरत होते. काटे जरा लांब आणि टोकाला वाकलेले वाटत होते.

“मॅडम, हे लहान आहेत.”

“काही लहान असतात.”

“सगळेच लहान आहेत.”

मॅडमनी पुन्हा पाहिलं. स्वतः मोजलं. “लहान आहेत,” त्या म्हणाल्या. “मग दुसरं काय असू शकतं?”

“माहीत नाही.”

“‘माहीत नाही’वर मी कुणाचं बियाणं पास करत नाही, वैजयंती. आणि खरं सांगायचं तर नापासही करू नये. उरलेला गहू कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजव.”

त्या पाण्यात भिजलेला चांगला दाणा फिकट पिवळा होतो आणि रोगट दाण्यावरचा डाग काळा कुळकुळीत उठून दिसतो. दुसऱ्या दिवशी मी पसरट ट्रेमध्ये एकेक दाणा उलटून पाहिला. सगळे पिवळे. एकही काळा नाही. बीजाणू आहेत, पण ते ज्यातून बाहेर पडले तो दाणाच नाही.

“हा रोग या गव्हात झालेला नाही, मॅडम. बाहेरून आलाय.”

“कुठून?”

“मी गावाला जाऊन येते.”

मॅडमनी टेबलावरचं कॅलेंडर पाहिलं आणि मग माझ्याकडे. “ऊन आहे. टोपी घेऊन जा,” एवढंच म्हणाल्या.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी कुंभारदऱ्याला उतरले. वैशाखातलं ऊन होतं आणि डेर्ल्यांच्या ओसरीवर शेवयांचा कारखाना चालू होता. पाचसहा बायका, एक यंत्राचा दांडा फिरवतेय, एक पिठाचे गोळे भरतेय, बाकीच्या ओल्या शेवयांच्या लडी उचलून बाजेवर पसरतायत. बाजेवर सोनेरी जाळं झालं होतं.

“या ताई,” रंगनाथबाबा म्हणाले. “काळकुसळीच्याच हायेत. म्हटलं, जायचीच हाये तर खाऊन जाऊ द्या.”

बायका हसल्या, पण तान्हाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदराला हात पुसले आणि मला पाण्याचा तांब्या दिला.

मी सगळं विचारलं. पेरणीचं बी कुठलं? घरचंच. शेजारच्या रानात कुठला गहू? नव्हताच, कांदा होता. मळणी कशावर? बैलांच्या पायाखाली, जुन्या पद्धतीनं, कारण यंत्रात हा दाणा फुटतो. मग विहिरीजवळचा तो वाफा पाहिला. धसकटं उपटली, बांधावर पडलेल्या ओंब्या चोळून पाहिल्या. काळ्या कुसळांनी बोटं टोचली, पण दाणे सगळे स्वच्छ. खळ्यात केर उचलून पिशवीत भरला. काहीच हाती लागत नव्हतं. दुपारपर्यंत माझ्या टोपीखालचं डोकं तापून निघालं.

“चला, दोन घास खा,” तान्हाबाई म्हणाल्या. “रोग काय पळून जात नाय.”

ताटात वांग्याची भाजी, भाकरी, कांदा आणि शेवटी वाफाळता भात. भाताला इतका सुंदर वास होता, की मी पहिला घास घेतला आणि विचारलं, “हा तांदूळ इकडचा नाही ना?”

“छे, इकडं कुठला भात,” रंगनाथबाबा म्हणाले. “आमची अलका घोटीला दिलीये. जावयाचं भाताचं रान हाये. दिवाळीला दोन-तीन पोती भात पाठवतो. आम्ही इकडच्या गिरणीवर सडून आणतो.”

“पोत्यातून?”

“मग काय, टोपलीतून?”

“ती पोती कुठं आहेत?”

तान्हाबाई वाढता वाढता थांबल्या. “त्यातच तर गहू भरलाय. यंदा कणगीत मावला नाय म्हणून उरलेला पोत्यात भरला. तुमच्याकडं आणला, तो त्या पोत्यातलाच.”

मी ताटावरून उठले. जेवताना उठू नये हे मला माहीत होतं आणि तान्हाबाईंनाही, पण त्याही माझ्याबरोबर उठल्या.

माजघरात दोन पोती उभी होती, शेजारी शेवयांना गहू काढून रिकामं झालेलं एक. मी ते रिकामं पोतं उलटं केलं. शिवणीत भाताची टरफलं अडकलेली होती, आणि त्यांच्यामध्ये काजळीसारखी बारीक काळी धूळ. मी ती कागदावर झटकली. बोटाला लागली ती पुसूनही निघेना.

“काय हाये ते?” तान्हाबाईंनी विचारलं.

“मावशी, भाताला काणी येते का घोटीकडे? दाण्याची काळी पूड होते तो रोग?”

“मला काय ठाव. अलकाला इचारावं लागंल.”

“मग विचारा. आणि तिच्याकडे तो भात अजून शिल्लक असला, सडायच्या आधीचा, तर मूठभर आणायला सांगा.”

संध्याकाळी मी प्रयोगशाळेत परत गेले, तेव्हा मॅडम निघायच्या तयारीत होत्या. पोत्यातल्या धुळीची काचपट्टी केली आणि पाहिली. तेच. तेच लहान, गोल, वाकड्या काट्यांचे बीजाणू, आणि इथे तर त्यांची जत्रा भरलेली. मी इतकी खूश झाले, की मॅडमना हात धरून खुर्चीवर बसवलं. एरवी असं करायची माझी छाती नव्हती.

“ही भाताची काणी आहे, मॅडम. पोत्यातून गव्हाला चिकटली. भाताचा हा रोग गव्हाला होत नाही. बियाणं चांगलं आहे.”

मॅडमनी पाहिलं. मान हलवली. आणि मग म्हणाल्या, “पोत्यानं गहू माखला, की गव्हानं पोतं?”

मी पुन्हा काचपट्टीकडे पाहिलं.

“त्या पोत्यात रोगट गहू भरला असता तरी ही धूळ अशीच दिसली असती. पोत्याला न लागलेला गहू आहे का त्यांच्याकडे?”

“कणगीत आहे.”

“त्याचा नमुना घेतलास?”

“नाही.”

त्या रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. पर्समधून त्यांनी जीपची किल्ली काढली आणि ड्रायव्हरला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. उद्या रविवार होता. मॅडम रविवारी कार्यालयाचं काम करतात, हे त्यालाही नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी कुंभारदऱ्यात मॅडमना पाहायला अर्धं गाव आलं. रोगाची बातमी तोवर सगळीकडे गेलेली. मॅडमनी कुणाकडे लक्ष दिलं नाही. कणगीवर शिडी लावायला सांगितली, साडीचा काष्टा मारल्यासारखा पदर खोचला आणि स्वतः वर चढल्या. धान्य काढायची लांब पोकळ सुई कणगीत खुपसून त्यांनी वरून, मधून, तळातून, चारी अंगांनी नमुने काढले. खाली रंगनाथबाबा शिडी धरून उभे.

“मॅडमबाई, हळू. आमची कणगी जुनी हाये.”

“मीही जुनीच आहे. शिडी धरा नीट.”

बायकांच्या घोळक्यात खसखस पिकली. त्या दिवशी पहिल्यांदा तान्हाबाईंच्या ओठांवर हसू दिसलं.

तेवढ्यात घोटीची बस येऊन गेली आणि अलका धावतच आली. कडेवर मूल, हातात पिशवी. आईचा निरोप कुणातरी दूधवाल्याकरवी रात्रीच पोचला होता.

“सगळाच आणला,” तिनं पिशवी ओतली. “यंदा भात फुलोऱ्यात असताना पाऊस थांबलाच नाही. आमच्याकडं काही दाणे असे काळे निघतात. सासू म्हणते, जास्त काळे निघाले की वर्ष चांगलं जातं.”

मॅडमनी एक दाणा उचलला. टरफलाच्या फटीतून काळी पूड बाहेर आली होती. त्यांनी तो दाणा कागदाच्या पुडीत ठेवला, पुडीवर लिहिलं आणि माझ्याकडे दिली. मग अलकाला म्हणाल्या, “वर्षाचं मला माहीत नाही. पण आज तरी तुझी सासू बरोबर ठरो.”

डेर्ले नवरा-बायको, अलका आणि तिचं मूल असे सगळे आमच्याच जीपमधून नाशिकला आले. मागे दोन बायका कुठून चढल्या, ते मला आजही कळलेलं नाही. ही सगळी मंडळी त्याच बाकावर दाटीवाटीनं बसली आणि आम्ही आत कामाला लागलो. कणगीतला गहू मी धुतला. मॅडमनी भाताच्या काळ्या दाण्याची काचपट्टी केली.  नळ्या फिरत होत्या तेवढा वेळ मी खिडकीतून बाहेर पाहत होते. तान्हाबाई नातवाला मांडीवर घेऊन शांत बसल्या होत्या.

भाताच्या दाण्यातले बीजाणू आधी पाहिले. लहान, गोल, काटे वाकलेले. पोत्यातल्या धुळीशी शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते सांगता येईना.

मग कणगीतला गहू. पहिली काचपट्टी, मातीचे कण. दुसरी, कोंडा. मी सगळा गाळ संपेपर्यंत काचपट्ट्या करत राहिले आणि प्रत्येक मॅडमकडे सरकवत राहिले. त्यांनी एकेक पाहिली. शेवटची पाहून झाल्यावर त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि चष्मा काढून पुसायला लागल्या.

“काही नाही,” त्या म्हणाल्या.

“काही नाही,” मी म्हटलं.

“आता बाहेर तू जा.”

मी बाहेर गेले आणि काय बोलायचं ते सगळं विसरले. “मावशी, गहू चांगला आहे,” एवढंच तोंडातून आलं.

तान्हाबाईंनी नातवाला अलकाकडे दिलं. मग दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि कानशिलांवर बोटं मोडली. त्यांच्या तळहातांना पिठाचा वास होता. त्या रडत नव्हत्या. रडत होते ते रंगनाथबाबा, भिंतीकडे तोंड करून, आणि शिपाई त्यांच्या पाठीवर हात फिरवत होता. दूरचं का होईना, नातं होतं.

मॅडमनी सगळ्यांना आत बोलावलं. “ज्यानं छळलं, त्याला बघून घ्या,” म्हणत त्यांनी तान्हाबाईंना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. तान्हाबाईंना आधी काही दिसेना, मग एकदम दिसलं.

“अगं बया,” त्या म्हणाल्या, “किती नटलाय मेला.”

जाताना मॅडमनी त्यांना बजावलं. भाताचा रोग गव्हाला लागत नसला तरी पोत्यातला गहू चाळून, वारवून, उन्हात घालून मगच वाटायचा, आणि यापुढे बियाण्याला नवी पोती वापरायची. मग अहवालावर सही केली. सही करून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “‘नाही’ लिहायला एक बीजाणू पुरतो. ‘हो’ लिहायला असं रान तुडवावं लागतं. म्हणून लोक ‘नाही’ लिहितात.” थोडं थांबून म्हणाल्या, “मीही लिहिणार होते.”

पुढे मी तीच नोकरी आयुष्यभर केली. बढत्या आल्या, दुसऱ्या शहरांतून बोलावणी आली. पण नमुन्यापाठोपाठ गावापर्यंत जायची चटक लागली ती त्या रविवारी, आणि ती सुटली नाही.

त्याच वर्षी कार्तिकात कुंभारदऱ्याहून बोलावणं आलं. काळकुसळी आता एका वाफ्यात नव्हती, गावातल्या पुष्कळ घरांच्या रानात जायची होती, आणि पहिली पेरणी डेर्ल्यांची. पेरणीची पाभर जुंपलेली होती, बैलांना कुंकू लावलेलं. तान्हाबाईंनी बियाण्याची ओटी मॅडमच्या कमरेला बांधली.

“चाड्यावर मूठ तुम्ही धरायची.”

“मला येत नाही.”

“मला तरी कुठं तुमचं यंत्र येत व्हतं? बसवलंत की.”

मॅडमनी चपला बांधावर काढल्या. रंगनाथबाबांनी बैल हाकले आणि मॅडम पाभरीमागे चालू लागल्या, मुठीतून चाड्याच्या लाकडी वाटीत बी सोडत. ढेकळांत पाय अडखळला की मूठ एकदम सुटायची आणि मग पुढे बराच वेळ त्या घाबरून काहीच सोडायच्या नाहीत. सगळं गाव बांधावर उभं राहून सूचना देत होतं. “सोडा, मॅडम, सोडा.” “आता धरा.” त्या एका तासाच्या, म्हणजे पेरणीच्या ओळीच्या, शेवटी पोचल्या, तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि केस सुटले होते. आणखी एक तास धरू का, असं त्यांनी स्वतःच विचारलं. तान्हाबाईंनी हात जोडून नको म्हटलं.

माघात आम्ही पुन्हा गेलो. गहू निसवला होता. हिरव्या ओंब्यांवर काळी कुसळं, वारा आला की सगळं रान मांजराच्या पाठीसारखं फिरायचं. रंगनाथबाबांनी आम्हाला मुद्दाम बांधाच्या एका टोकाला नेलं. तिथून एक तास सरळ दिसत होतं. एके ठिकाणी गव्हाचा झुबका, मग हातभर मोकळी माती, मग पुन्हा झुबका, पुन्हा माती. शेवटपर्यंत तसंच.

“हे मॅडमचं तास,” रंगनाथबाबा म्हणाले. “आता गावात कुणाची पेरणी बिघडली की इचारतात, का रे, मॅडमनी मूठ धरली व्हती का?”

मॅडम हसायला लागल्या. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या हसत हसत बांधावरच बसल्या आणि त्यांचा चष्मा साखळीवर हलत राहिला. तान्हाबाई शेजारी टेकल्या, मग त्याही हसू लागल्या.

“एवढं तुटक आहे, तर मोडून का नाही टाकलं?” मॅडमनी डोळे पुसत विचारलं.

“का मोडायचं?” तान्हाबाई म्हणाल्या. “उगवलंय ना.”

मॅडम उठल्या. पुन्हा चपला काढल्या आणि आपल्या त्या तासातून चालत गेल्या. झुबका आला की बाजूनं वळून, माती आली की मधून, दोन्ही हातांनी कुसळं चाचपत, रानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत.